मुलांना अरण्य दाखविताना

(यवतमाळ जिल्ह्यातील शिक्षक व पंचायत सदस्यांच्या एका मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय वरवर पाहता सहलीचा आहे. लहान मुलांना मार्गदर्शकाबरोबर राष्ट्रीय उद्यानात किंवा अभयारण्यात न्यावे, त्यांना वन्यप्राणी दाखवावेत आणि संध्याकाळी सुखरूप घरी आणावे, एवढाच त्याचा अर्थ कोणी घेईल. परंतु आपल्या जिल्ह्यात हा विषय तेवढ्यावर संपत नाही. नागपूर-मुंबईच्या मुलाला वाघ पुस्तकातील चित्रात भेटतो. केळापूर, घाटंजी, राळेगाव तालुक्यांतील मुलाला तो वडिलांच्या बोलण्यात भेटतो. कापसाच्या रानातून दिवस मावळण्यापूर्वी घरी का परतायचे, गुरे चारायला एकट्याने का जायचे नाही, हे त्या मुलाला शाळेत जाण्यापूर्वीच ठाऊक झालेले असते. अशा मुलाला जंगलात नेताना आपण त्याला काय दाखविणार, याचा विचार आधी करावयास हवा.

प्रथम आपल्याजवळ काय आहे ते पाहू. यवतमाळ जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान नाही. मात्र अभयारण्ये आहेत. पांढरकवड्याजवळचे टिपेश्वर अभयारण्य १९९७ साली घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र सुमारे १४८ चौरस किलोमीटर आहे. दुसरे पैनगंगा अभयारण्य, नदीच्या काठाने यवतमाळ व नांदेड या दोन जिल्ह्यांत पसरलेले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा आहे. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले ताडोबा हे महाराष्ट्रातील पहिले राष्ट्रीय उद्यान होय. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य यांतील फरक पंचायत सदस्यांना अनेकदा विचारला जातो, म्हणून थोडक्यात सांगतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये दोन्ही क्षेत्रांना संरक्षण आहे; परंतु राष्ट्रीय उद्यानात गुरे चारण्यास मुळीच मुभा नसते, तर अभयारण्यात लोकांचे काही हक्क नियमांच्या मर्यादेत चालू राहू शकतात. मुलाच्या दृष्टीने मात्र दोन्हीकडचे रान सारखेच असते. म्हणून यवतमाळच्या शाळेने पहिली सहल दूरच्या ताडोब्याला नेण्याचा हट्ट धरू नये. यवतमाळहून पांढरकवडा सुमारे ७० किलोमीटर. तेथून टिपेश्वर हाकेच्या अंतरावर. घराजवळचे रान मुलाने आधी पाहावे हे बरे.

भय आणि ओळख

या जिल्ह्यात वाघाविषयी बोलताना २०१६ ते २०१८ या वर्षांना वगळून चालणार नाही. राळेगाव-पांढरकवडा परिसरात त्या काळात तेरा माणसांच्या मृत्यूचा संबंध वाघाशी जोडला गेला. शेतावर गेलेले शेतकरी, गुराखी, जंगलालगत राहणारे गरीब लोक त्यात बळी पडले. ‘टी-१’ या क्रमांकाने नोंदलेली आणि देशभर ‘अवनी’ या नावाने ओळखली गेलेली वाघीण २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी घालून मारण्यात आली. तिच्या मृत्यूवर मोठमोठ्या शहरांत निषेध झाले. इकडे गावांनी सुटकेचा निःश्वास टाकला. एकाच घटनेकडे पाहणारे दोन समाज एकमेकांना किती अपरिचित आहेत, हे त्या वेळी स्पष्ट दिसले.

त्याच टिपेश्वरातून दुसरी कथाही निघाली. २०१९ च्या फेब्रुवारीत एका तरुण नर वाघाच्या गळ्यात संशोधकांनी रेडिओ-पट्टा बसविला. जून महिन्यात तो टिपेश्वर सोडून निघाला. तेलंगणातील आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम, अकोला असा शेतांतून, नाल्यांच्या काठाने, बहुतांशी रात्री चालत तो वर्षअखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. पट्टा गळ्यात असेपर्यंत त्याची नोंदली गेलेली एकूण वाटचाल ३,००० किलोमीटरहून अधिक भरली. लोकांनी त्याचे नाव ‘वॉकर’ ठेवले. हा प्राणी जन्मस्थान सोडून इतका का चालला? त्याला स्वतःचे क्षेत्र हवे होते आणि जोडीदारीण हवी होती. घर शोधणारा हा तरुण आपल्या शेजारच्या रानात जन्मला होता.

या दोन्ही कथा मुलांना सांगितल्या पाहिजेत. केवळ दुसरी सांगितली तर गावचे मूल मनात म्हणेल की, गुरुजींना आमच्या घरचे काही माहीत नाही. केवळ पहिली सांगितली तर भय वाढेल आणि भयापोटी उद्या कोणी रानात फासे लावील, तेव्हा त्या मुलास त्यात काही वावगे वाटणार नाही. भारतातील वाघांची संख्या २००६ च्या गणनेत १,४११ होती. २०२२ च्या गणनेत ती सरासरी ३,६८२ आढळली. महाराष्ट्रात याच काळात १०३ वरून ४४४ पर्यंत वाढ झाली. रान तेवढेच राहिले आणि वाघ चौपटीहून अधिक झाले. याचा अर्थ असा की, आज तिसरी-चौथीत बसलेले मूल मोठे होईल तेव्हा वाघाचा शेजार त्याला टळणार नाही. तो शेजार अज्ञानात काढावयाचा की ओळखीने, एवढेच आपण ठरवू शकतो. जंगल-सहलीचे खरे प्रयोजन येथे आहे.

मार्गदर्शकाचे काम

अभयारण्याच्या प्रवेशद्वारावर वाहनाबरोबर मार्गदर्शक दिला जातो. आपण त्यास गाइड म्हणतो आणि बहुतेक वेळा वाघ शोधून देणारा माणूस एवढेच त्याचे मोल करतो. वस्तुतः टिपेश्वर काय किंवा ताडोबा काय, तेथील मार्गदर्शक पुष्कळदा आसपासच्या गावांतीलच तरुण असतात. त्यांचे वडील याच रानात मोहफुले आणि तेंदूपाने वेचीत आले. वाटा, पाणवठे, झाडांची नावे त्यांना पुस्तकातून शिकावी लागली नाहीत. असा माणूस मुलांच्या वाहनात असणे हे शिक्षकाला मिळालेले मोठे साह्य होय. मात्र त्याला ते काम करू द्यावयास हवे.

मागील हिवाळ्यात जिल्हा परिषदेच्या एका शाळेतील तिसरी-चौथीच्या मुलांबरोबर मी टिपेश्वरला गेलो होतो. पहिला तासभर चितळांचे दोन कळप आणि एक मोर यांखेरीज काही दिसले नाही. मुले चुळबुळू लागली. बरोबरचे मोठे लोक त्याहून अधिक. तेव्हा मार्गदर्शकाने एका वळणावर वाहन थांबवून इंजिन बंद करविले आणि आपल्या वऱ्हाडीत म्हणाला, “पोट्टेहो, आता दोन मिन्टं कोनी बोलाचं नाई. फक्त आयकाचं. जितके आवाज आयकू येतीन तितके बोटावर मोजाचे.”

दोन मिनिटांनी मोजणी झाली. शहरातून आलेल्या एका अधिकाऱ्याच्या मुलाने चार आवाज सांगितले. कोणी पाच, कोणी सहा. जंगलालगतच्या कोलाम पोडावरून शाळेत येणारी एक मुलगी गप्प होती. शिक्षकांनी सांगितले की ती वर्गातही बोलत नाही. मार्गदर्शकाने विचारल्यावर तिने दहा बोटे दाखविली आणि थांबत थांबत सांगू लागली: सुतार पक्षी खोडावर ठोकतो तो, वाळलेल्या सागाच्या पानावरून सरडा गेला तो, दूर वानर ओरडले ते. एका पक्ष्याचे मराठी नाव तिला येत नव्हते. तिने ते कोलामीत सांगितले. मार्गदर्शकाने ते नाव ओळखले आणि इतर मुलांकडून दोनदा म्हणवून घेतले. त्या दिवशी आमच्या वाहनाला वाघ दिसला नाही. परंतु परतताना त्या मुलीच्या शेजारी बसण्यासाठी मुलांत भांडण झाले. वर्गात जिला उत्तर येत नव्हते, तिला रानात सर्वांहून अधिक येत होते, हे शिक्षकांनीही पाहिले.

सांगावयाचे एवढेच की, लहान मुलाला वाघच हवा असतो ही समजूत मोठ्यांची आहे. मूल उंचीने लहान, त्यामुळे जमिनीजवळच्या गोष्टी त्याला आधी दिसतात. मुंग्यांची रांग, वारूळ, कोळ्याचे जाळे, शेणाचा गोळा ढकलणारा भुंगा यांत ते सहज रमते. त्याला नुसते दाखवून समाधान होत नाही, काही काम लागते. काही उदाहरणे देतो.

वाटेवरच्या धुळीत पंजाचा ठसा दिसला तर मुलांना विचारावे, नखांच्या खुणा आहेत काय? वाघ व बिबट्या चालताना नखे आत ओढून घेतात, म्हणून ठशात नखे उमटत नाहीत. कुत्रा, कोल्हा, तडस यांच्या ठशात ती उमटतात. एवढे कळले की मूल घरी जाऊन अंगणातील कुत्र्या-मांजरांचे ठसे तपासू लागते. चितळ आणि वानर पुष्कळदा जवळजवळ का असतात, हे विचारावे. वानर वरून पाने-फळे खाली टाकते, ती चितळ खातात. वानराला उंचावरून दूरचे दिसते, चितळाचे नाक तीक्ष्ण असते. दोघे एकमेकांना शत्रूची चाहूल देतात. गावातल्या शेजाराची रीतच ही. वाघांची गणना कशी होते, हाही मुलांच्या आवडीचा प्रश्न. प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात, जसे प्रत्येकाच्या अंगठ्याचे ठसे. रानात लावलेल्या कॅमेऱ्यांतील छायाचित्रे जुळवून वाघ ओळखला जातो. मुलांच्या हाती दोन चित्रे देऊन पट्ट्यांतील फरक शोधण्यास सांगावे. अर्धा तास ती मान वर करीत नाहीत.

आणि मुलांच्या अवघड प्रश्नांना बगल देऊ नये. त्याच सहलीत एका मुलाने विचारले, “वाघानं माह्या मामाची गाय खाल्ली. मग त्याले काहून वाचवाचं?” वाहनातील मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मार्गदर्शकाने उत्तर दिले, “त्याले भूक लागते. हरिन नाई भेटलं अन् ढोर सामोर दिसलं, तं तो धरते. म्हनून रानात हरिन राह्यलं पाह्यजे, अन् ढोर रानात एकटं सोडाचं नाई.” या दोन वाक्यांत वन्यजीव संरक्षणाचे बरेचसे शास्त्र आले. मामाच्या गाईबद्दल शासनाकडून भरपाई मिळते, पंचनामा लवकर व्हावा यासाठी वनरक्षकास तत्काळ कळवावे लागते, ही पुढची माहिती शिक्षकाने त्या मुलास द्यावी. घरी जाऊन ते मूल ती मामाला सांगेल.

निघण्यापूर्वी

आता व्यवहाराच्या गोष्टी. पर्यटनाचा हंगाम साधारणतः १ ऑक्टोबर ते ३० जून असा असतो. पावसाळ्यात अरण्य बंद राहते. आठवड्यातील सुटीचा दिवस, वेळा, शुल्क व आरक्षण यांची चौकशी वन विभागाकडे आधी करावी, कारण त्यांत बदल होत असतात. एप्रिल-मे महिन्यांत रान उघडे पडते, जनावरे पाणवठ्यावर येतात आणि दर्शनाची शक्यता वाढते हे खरे. परंतु विदर्भाच्या उन्हात उघड्या वाहनात लहान मुलांना तीन-साडेतीन तास बसविणे शहाणपणाचे नाही. त्यांच्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. गवत उंच असते, प्राणी थोडे कमी दिसतात. पण मुले आजारी पडत नाहीत. फेब्रुवारीच्या अखेरीस पळस फुलू लागतो आणि मार्चमध्ये मोह टपकू लागतो, तेव्हा सकाळची फेरी विशेष सुंदर असते.

वयाचा प्रश्न पालक नेहमी विचारतात. माझे मत असे की, सहा-सात वर्षांखालील मुलास एका जागी इतका वेळ शांत बसविणे म्हणजे त्याच्यावर व रानावर दोहोंवर अन्याय आहे. अगदी लहान मुलांसाठी गावाजवळचा तलाव किंवा शेताचा बांध पुरेसा आहे. मोठ्या मुलांना आदल्या दिवशी वर्गातच ‘शांत बसण्याचा खेळ’ खेळवावा. पहाटेच्या फेरीत उघड्या वाहनात वारा बोचतो. स्वेटर, कानटोपी व धुळीसाठी रुमाल हवा. कपडे मातकट किंवा हिरव्या रंगाचे असावेत, भडक नकोत, अत्तर-सेंट नको. शौचालयाची सोय प्रवेशद्वाराशीच होते, आत उतरता येत नाही. म्हणून प्रत्येक मुलाला आत जाण्यापूर्वी जाऊन येण्यास सांगावे. ही बाब क्षुल्लक वाटते, परंतु अनेक सहली तिच्यामुळेच अर्ध्यावर परतल्या आहेत. वाहन लागणाऱ्या मुलास पुढे बसवावे. पाण्याची बाटली बरोबर असावी. खाण्याचे जिन्नस मात्र बाहेर ठेवावेत.

वाहनात लहान मुलांच्या दोन्ही बाजूंस मोठी माणसे बसावीत. मुलाने आसनावर उभे राहू नये, हात बाहेर काढू नये, आणि कोणत्याही कारणाने कोणीही खाली उतरू नये. टोपी उडाली तर ती गेली असे समजावे. हा नियम का आहे हेही मुलांना सांगावे. वाहनातील माणसांचा एक मोठा आकार प्राण्याच्या ओळखीचा झालेला असतो; त्यातून वेगळे होऊन पळणारे लहान मूल त्याला निराळे दिसते. कारण समजले की मूल नियम पाळते. नुसता दम दिला की मोठ्यांचे लक्ष चुकवून मोडते.

मोठ्यांची शिस्त

मुलांच्या शिस्तीबद्दल आपण बोलतो. तेथे खरा प्रश्न मोठ्यांचा असतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली असता पर्यटकांची वाहने दोन्ही बाजूंनी उभी राहिली आणि तिची वाट अडली. त्याचे चित्रण सर्वत्र पसरले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची आपण होऊन दखल घेतली. संबंधित मार्गदर्शक व वाहनचालकांवर कारवाई झाली. कारवाई होणे आवश्यक होतेच. परंतु मार्गदर्शकाच्या पाठीशी उभे राहून “आणखी पुढे घे, आणखी पुढे घे” असे म्हणणारे कोण होते? पैसे भरले आहेत तर वाघ दिसलाच पाहिजे, अशी मागणी करणारे आपल्यासारखेच सुशिक्षित लोक. त्या वाहनांत कोणी लहान मूल बसले असेल, तर आईच्या वाटेत उभे राहण्यास हरकत नसते, असा धडा त्याने घेतला असेल.

म्हणून शिक्षकांना व अधिकाऱ्यांना विनंती की, फेरी सुरू होण्यापूर्वीच मार्गदर्शकास स्पष्ट सांगावे: आम्हाला वाघ दाखविण्याची घाई नाही, मुलांना रान वाचावयास शिकवा. वाघ दाखविला तर बक्षिसी आणि न दाखविला तर नाराजी, ही रीत सोडून द्यावी. चांगले शिकविल्याबद्दल मुलांनी त्याचे आभार मानावेत, त्यास ‘दादा’ म्हणावे, शाळेत बोलवावे. वाघ दिसला तर अवश्य पाहावा. तो भाग्याचा क्षण असतो. परंतु वाघ पाहताच मोठ्यांनी भ्रमणध्वनी उंचावून गलका केला तर मुलांना शांत राहण्यास सांगण्याचा अधिकार आपण गमावून बसतो.

दारापाशी राहणारी मुले

येथे पंचायत सदस्यांचे विशेष लक्ष वेधतो. अभयारण्याच्या सीमेवर राहणाऱ्या पुष्कळ मुलांनी अभयारण्य आतून पाहिलेले नसते. वाहनाचे भाडे, प्रवेश शुल्क आणि मार्गदर्शकाचे मानधन यांचा खर्च त्यांच्या पालकांना झेपणारा नाही. दूरवरच्या शहरांतील मुले आत जाऊन वाघ पाहतात, आणि ज्यांच्या शेतात वाघ येतो त्यांची मुले रस्त्याच्या कडेला उभी राहून धूळ उडवीत जाणाऱ्या जिप्सी पाहतात. या दृश्यात काही तरी चुकते आहे हे सांगण्यास मोठ्या विचारवंताची गरज नाही. ज्याने जंगलाचा त्रास सोसावयाचा, त्याला त्याचा आनंद कधीच मिळू नये, असे होत राहिले तर संरक्षणाची भाषा त्याला परकीच वाटणार.

ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाने ‘चला माझ्या ताडोबाला’ या नावाने बफर क्षेत्रातील गावांच्या शाळकरी मुलांना अरण्यदर्शन घडविण्याचा उपक्रम हाती घेतला, तो याच कारणाने अनुकरणीय आहे. नावातील ‘माझ्या’ हा शब्द महत्त्वाचा. टिपेश्वर व पैनगंगा यांच्या परिसरातील ग्रामपंचायतींनी आणि शाळांनी आपापल्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे अशी मागणी लेखी करावी. वर्षातून एक फेरी, एका गावातील चौथीच्या एका वर्गासाठी, एवढी लहान सुरुवातही पुरे. मुलांची यादी, पालकांची संमतिपत्रे आणि सोबत जाणाऱ्या शिक्षकांची नावे अर्जासोबत दिली तर काम सोपे होते. वन्यजीव सप्ताह १ ते ७ ऑक्टोबर या काळात येतो. त्याआधी महिनाभर अर्ज पोहोचावा.

परतल्यावर

सहल घरी परतल्यावर संपली, असे होऊ नये. दुसऱ्या दिवशी निबंध लिहावयास लावला की मुले ‘आम्हाला खूप मजा आली’ एवढे लिहून मोकळी होतात. त्यापेक्षा प्रत्येक मुलास एक लहान वही द्यावी. दिसलेले झाड, पक्षी, कीटक, ठसा, ऐकलेला आवाज यांची तारखेसह नोंद आणि शक्य तर चित्र. नाव मराठीत, गोंडीत, कोलामीत, घरी जे म्हणतात त्या शब्दात लिहावे. शिक्षकाने ते खोडून पुस्तकी नाव लिहू नये, शेजारी लिहावे. वन अधिकारी म्हणून आयुष्यभर विदर्भाच्या रानात वावरलेले आणि त्यावर मराठीत विपुल लिहिणारे मारुती चितमपल्ली यांचे २०२५ साली निधन झाले. आदिवासींकडून, गावकऱ्यांकडून शब्द गोळा करून त्यांनी मराठीला रानाची भाषा दिली. त्यांचा ५ नोव्हेंबर हा जन्मदिवस व डॉ. सलीम अली यांचा १२ नोव्हेंबर हा जन्मदिवस यांमधील आठवडा राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. मुलांच्या वह्यांसाठी याहून चांगला मुहूर्त कोणता?

या वह्यांचा आणखी एक उपयोग आहे. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावी, अशी तरतूद आहे. काही ठिकाणी ही नोंदवही कपाटात बंद असते, काही ठिकाणी बाहेरच्या माणसाकडून एकदा लिहून घेतलेली असते. शाळेच्या मुलांनी आपल्या शिवारात पाहिलेले पक्षी, झाडे, तलावावर हिवाळ्यात येणारी बदके यांच्या नोंदी समितीने वर्षातून एकदा मागवाव्यात, तपासाव्यात आणि नोंदवहीत उतरवून घ्याव्यात. ग्रामसभेत एखाद्या मुलाने आपली नोंद वाचून दाखविली तर बाप-आजोबाही आपले ज्ञान सांगू लागतील. आजोबांना ठाऊक असलेले पुष्कळसे आता कोणी विचारीत नाही म्हणून त्यांच्याबरोबर जात आहे.

त्याचबरोबर सहलीत शिकलेली सावधगिरी गावात उतरावी. वाघाचा ताजा ठसा शेतात दिसल्यास त्याच्या मागावर न जाता गावास व वनरक्षकास कळविणे, पहाटे व सांजवेळी एकट्याने नाल्याकडे न जाणे, शौचालयाचा वापर करणे, गुरे राखताना दोघा-तिघांनी मिळून बोलत राहणे आणि वाघ दिसल्यास गर्दी न करणे, या गोष्टी मुलांना पाठ असाव्यात. वाघ शिवारात आल्याची बातमी पसरताच शेकडो माणसे त्यास घेरतात आणि अपघात बहुधा तेव्हाच घडतात. त्या गर्दीत न जाणारे आणि मोठ्यांना ‘बाबा, त्याला वाट मोकळी द्या’ असे म्हणणारे एक मूल गावात असले, तरी सहलीचा खर्च वसूल झाला असे मी समजेन.

मित्रहो, मुलांच्या मनातून वाघाचे भय काढून टाकावे असे मी म्हणत नाही. जेथे वाघ आहे तेथे थोडे भय असणे हे शहाणपणाचेच आहे. आपल्या पूर्वजांनी वाघाला देव मानले तेव्हाही त्याच्यापासून अंतर राखूनच मानले. पण ते भय आंधळे नसावे. ठसा कोणाचा, हाक कशाची, वाट कोणाची, हे ज्यास कळते त्याचे भय त्याला सावध करते. ज्यास कळत नाही त्याचे भय हाती काठी देते किंवा विजेची तार देते. आपल्या जिल्ह्यातील मुलांना पहिल्या प्रकारचे भय मिळावे, त्यासोबत रानाचा थोडा आनंदही मिळावा, एवढ्यासाठी वर्षातील एक सकाळ शाळेने व पंचायतीने मिळून द्यावी, अशी विनंती करून मी माझे भाषण पूर्ण करतो.